विहिरीचें पाणी आणि जमिनींतील सूक्ष्म जीव

जमीन सर्व कांहीं पोटांत घेते आणि शुद्ध करून परत देते, अशी आपल्या शेतकरी समाजाची फार जुनी समजूत आहे. गोठ्याचें मूत, उकिरड्याचा निचरा, न्हाणीचें पाणी, मेलेलें जनावर, हें सर्व आपण जमिनीच्या हवालीं करितों आणि निश्चिंत होतों. ही समजूत सर्वस्वीं खोटी नाहीं. बव्हंशीं ती खरी आहे, म्हणूनच गांवें शेंकडों वर्षें एका जागीं नांदत आलीं. परंतु जमीन हें काम कशी करिते, किती मर्यादेपर्यंत करिते, आणि त्या कामांतून शेवटीं शिल्लक काय राहतें, हें पाहिल्यावांचून ज्या विहिरीचें पाणी आपलीं मुलें पितात तिच्याविषयीं निर्धास्त राहणें बरें नव्हे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, जमीन ही नुसती चाळण नव्हे. चांगल्या मातीच्या एका ग्रॅमांत कोट्यवधि सूक्ष्म जंतू असतात आणि घाणीचें रूपांतर करण्याचें काम मुख्यतः तेच करितात. ही गोष्ट सन १८७७ मध्यें श्लेसिंग व म्यून्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं मोठ्या सोप्या रीतीनें सिद्ध केली. त्यांनीं एका लांब नळींत वाळू व चुनखडीची भुकटी भरली आणि तींतून गटाराचें पाणी अगदीं हळूहळू झिरपूं दिलें. पहिले सुमारें वीस दिवस पाण्यांतील अमोनिया जसाच्या तसा खालीं आला. पुढें तो नाहींसा होऊं लागला व त्याच्या जागीं नायट्रेट, म्हणजे सोऱ्याच्या जातीचा क्षार, येऊं लागला. वाळू बदलली नव्हती, चुनखडी बदलली नव्हती. मग हे वीस दिवस कशाचे? जंतूंची वस्ती वाढण्याचे. खात्री करण्याकरितां त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हां काम तत्काळ बंद पडलें. आणि पुढें बागेतील मातीचें थोडें पाणी विरजणासारखें ओततांच तें पुन्हां सुरू झालें. पुढें सन १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनीं हे जंतू वेगळे काढून दाखविले. त्यांचे दोन वर्ग आहेत. एक अमोनियाचें नायट्राइट करितो, दुसरा त्या नायट्राइटचें नायट्रेट करितो. दोघांसही हवा लागते.

शास्त्रज्ञांनीं हें शोधलें त्याच्या पुष्कळ आधीं आपल्या देशांत त्याचा व्यापार चालत असे. बिहार प्रांतांतील नोनिया लोक जुन्या मातीच्या भिंती, गोठ्यांच्या जागा व गांवाभोंवतालची माती खरवडून, ती धुवून, आटवून सोरा काढीत, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत तोच सोरा बंदुकीच्या दारूकरितां जहाजें भरभरून युरोपांत जाई. आपल्याकडेही ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हा भेद महसुली कागदांत व लोकांच्या तोंडीं आहेच. काळी म्हणजे पिकाऊ जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. त्या पांढरींत राख, चुना, शेण, मूत व पिढ्यान्‌पिढ्यांचा केरकचरा मुरलेला असतो, म्हणूनच जुन्या गांवठाणाची माती गाड्या भरून शेतांत टाकण्याची चाल पडली. ती खत आहे हें आपणांस ठाऊक आहे. मात्र त्याच पांढरींत खोदलेल्या आडाचें पाणी मचूळ कां लागतें, याचा आपण क्वचितच विचार करितों. जें मातीला खत, तेंच पाण्याला दोष.

आतां या व्यवहारांतील मर्माची गोष्ट सांगतों. मातीचा चिकण भाग अमोनियाला धरून ठेवतो. हें थॉमस वे या इंग्रज रसायनज्ञानें सन १८५० मध्येंच प्रयोगानें दाखविलें होतें. आपली काळी जमीन या कामीं फार बळकट आहे. परंतु नायट्रेटला ती धरीत नाहीं. तें पाण्यांत विरघळतें आणि पाण्याबरोबर चालूं लागतें. म्हणजे जंतूंनीं आपलें काम चोख केलें, घाण व दुर्गंध नाहींसा झाला, पाणी स्वच्छ दिसूं लागलें, कीं नेमका त्याच वेळीं जमिनीच्या मुठींतून सुटलेला क्षार विहिरीच्या वाटेस लागलेला असतो. शेण, मूत्र, मैला, पेंड, युरिया, कोणत्याही मार्गानें नत्र आलें तरी हवेशीर जमिनींत त्याचा शेवट पुष्कळदां हाच. युरिया ओलाव्यांत थोड्याच दिवसांत अमोनिया बनतो, आणि आपल्याकडील उष्ण व ओल्या जमिनींत दोन-तीन आठवड्यांत त्याचा बराचसा भाग नायट्रेट होऊन बसतो. मुळांनीं तें तोंवर उचललें तर पीक. न उचललें तर निचरा.

इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें सन १८७० मध्यें जमिनीचे तीन ठोकळे, वीस, चाळीस व साठ इंच खोलीचे, जागच्या जागीं बांधून काढले आणि त्यांच्याखालीं निचऱ्याचें पाणी मोजण्याची व्यवस्था केली. त्यांवर पीक घेतलें नाहीं व खताचा कणही घातला नाहीं. तरी त्या पाण्यांतून वर्षानुवर्षें नायट्रेट येत राहिलें! जमिनींतील जुन्या सेंद्रिय द्रव्यावरच जंतूंचें काम चाललें होतें. आपल्याकडे याचा अनुभव मृगाच्या पावसांत येतो. उन्हाळाभर तापलेली, नांगरून ठेवलेली जमीन पहिल्या पावसानें भिजली कीं जंतू एकदम जागे होतात व थोड्या दिवसांत पुष्कळ नायट्रेट तयार होतें. पीक त्या वेळीं एक तर पेरलेलें नसतें किंवा दोन पानांवर असतें. त्यांतून हलक्या मुरमाड रानांत पाठोपाठ मोठे पाऊस झाले कीं हें सर्व धन खालीं जातें.

कारकुनी पेशामुळें मला आंकडा मांडल्यावांचून चैन पडत नाहीं, म्हणून एक लहानसा हिशेब देतों. युरियाचें पोतें ४५ किलोचें व त्यांत नत्र शेंकडा ४६, म्हणजे सुमारें २०.७ किलो. तेवढ्या नत्राचें नायट्रेट झालें तर तें सुमारें ९२ किलो भरतें. पैकीं चौथा हिस्सा, म्हणजे २३ किलो, झिरपून गेला असें धरूं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकांतील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची आहे. त्या हिशेबानें हे २३ किलो पांच लाख लिटर पाण्याला मर्यादेच्या काठावर आणून ठेवण्यास पुरे होतात. पांच लाख लिटर म्हणजे किती? आठ मीटर व्यासाच्या विहिरींत दहा मीटर पाणी उभें असेल तर तें सारें पाणी. एका पोत्याचा केवळ चौथा हिस्सा! अर्थात्‌ सर्व झिरपा एकाच विहिरींत व एकाच दिवशीं उतरत नाहीं, आणि पावसाचें नवें पाणीही त्यांत मिसळतें. पण प्रमाण ध्यानांत यावें म्हणून हा हिशेब. केंद्रीय भूजल मंडळाच्या सन २०२४ च्या अहवालांत देशभरच्या सुमारें पंचमांश नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळलें, व महाराष्ट्राच्या नमुन्यांत तर हें प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होतें. यांत सारा दोष खताचा नाहीं. गोठे, उकिरडे व शौचखड्डे यांचाही वांटा आहे.

नायट्रेटानें होतें काय? धडधाकट मनुष्यास लगेच कांहीं जाणवत नाहीं, हीच खरी अडचण. धोका मुख्यतः सहा महिन्यांच्या आंतील अर्भकांस आहे. त्यांच्या पोटांत आम्ल कमी असतें, त्यामुळें तेथें जंतू वाढून नायट्रेटचें नायट्राइट करितात. तें रक्तांत गेलें कीं रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायु वाहून नेण्यास असमर्थ होतें. मूल ओंठांकडे व नखांकडे निळसर दिसूं लागतें व वेळीं उपाय न झाल्यास दगावतें. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत हंटर कॉम्ली या डॉक्टरांनीं सन १९४५ मध्यें शेतांवरील घरांतलीं अशीं मुलें पाहून याचा संबंध विहिरीच्या पाण्याशीं जोडून दाखविला. तीं मुलें बाटलीच्या दुधावर होतीं आणि तें दूध विहिरीच्या पाण्यांत कालविलेलें असे. आईच्या अंगावर पिणाऱ्या मुलास ही भीति नाहीं. गुरांच्या पोटांतही जंतू हेंच रूपांतर करितात, म्हणून पावसानें ताण दिलेल्या ज्वारीचा कडवळ आणि नायट्रेटचें पाणी हीं दोन्हीं एकाच वेळीं जनावरास देणें धोक्याचें.

पुष्कळ घरांत पाणी उकळून दिलें म्हणजे झालें असें मानतात. रोगजंतूंच्या बाबतींत तें योग्यच आहे. परंतु नायट्रेट उकळण्यानें जात नाहीं. उलट पाणी आटल्यामुळें तें वाढतें. ब्लीचिंग पावडरचाही त्यावर कांहीं उपयोग नाहीं. तान्ह्या मुलासाठीं पाणी दुसरीकडूनच आणावें लागतें.

आतां रोगजंतूंकडे वळूं, कारण त्यांची रीत अगदीं निराळी आहे. हे माणसाच्या किंवा जनावराच्या ऊबदार आंतड्यांत वाढणारे जीव. मातींत पडले कीं त्यांस ऊब नाहीं, मनासारखें अन्न नाहीं, आणि मातींतले मूळचे रहिवासी त्यांस खाऊन टाकण्यास टपलेलेच असतात. कांहीं चिकण मातीच्या कणांस चिकटून राहतात. अशा रीतीनें बहुतेक जंतू कांहीं आठवड्यांत मरतात. विषाणू मात्र त्यांहून बारीक असल्यामुळें अधिक लांब जातात व कांहीं अधिक दिवस टिकतात. म्हणजे येथें औषध एकच, आणि तें म्हणजे काळ. घाण पाण्यास विहिरीपर्यंत पोंचण्यास पुरेसे दिवस लागले तर जमीन आपलें काम करिते. जर्मनींत तर पिण्याच्या विहिरीभोंवतींचें आंतील संरक्षित क्षेत्र ५० दिवसांच्या प्रवासावरून आंखतात. तेथें अंतर फुटांनीं मोजण्यापूर्वीं दिवसांनीं मोजलें आहे, हें मला फार शहाणपणाचें वाटतें.

आपल्या दख्खनच्या जमिनीचा स्वभाव पाहतां ही दिवसांची गोष्ट महत्त्वाची आहे. वर माती हात-दोन हात, कोठें त्याहूनही कमी. तिच्याखालीं मुरूम, मग मऊ झालेला खडक, आणि त्याखालीं सांधे व भेगा पडलेला काळा कातळ. मातींतून पाणी मुंगीच्या पावलानें चालतें. पण एकदां कातळाच्या भेगेंत शिरलें कीं तें नळांतून गेल्यासारखें जातें. तेथें ना चिकण माती, ना जंतूंची दाट वस्ती, ना वेळ. काळी जमीन खोल असली तरी उन्हाळ्यांत तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि मृगाचा पहिला लोंढा त्या भेगांतून मातीला न शिवतांच खालीं उतरतो. शौचखड्डा व विहीर यांत पन्नास फूट अंतर असावें असें सामान्यतः सांगण्यांत येतें. हा आंकडा मातीच्या जमिनीस ठीक आहे. मुरमांत व फुटक्या खडकांत त्यावर विसंबूं नये. शिवाय भाद्रपदांत पाण्याची पातळी पुष्कळ ठिकाणीं पुरुषभर खोलीवर येते. चैत्रांत कोरडा असलेला शोषखड्डा त्या वेळीं विहिरीच्याच पाण्यांत उभा असतो.

नोकरींत असतां एका गांवीं पीकपाहणीच्या निमित्तानें मळ्यांतल्या वस्तीवर गेलों होतों. गोठा, शौचखड्डा व विहीर हीं तिन्हीं एका गुंठ्यांत, आणि गोठा उताराच्या वरच्या अंगास. घरचे वृद्ध मालक पाण्याचा तांब्या पुढें करून म्हणाले, “भाऊसाहेब, तळाला टाकलेला पैसा दिसतो. असें पाणी तालुक्याला मिळायचें नाहीं.” मी म्हटलें, “आबा, पैसा दिसतो हें खरें. पण जे दिसत नाहींत त्यांचें काय?” ते हंसले. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद. त्यांत तिन्हीं मावल्यावर अंतराची गोष्टच उरत नाहीं. पूर्वीं वस्ती गांवठाणांत व विहीर रानांत असे. आतां घर विहिरीजवळ आलें, ही सोय मोठी झाली, पण घराबरोबर घरची घाणही विहिरीजवळ आली. सात-बाराच्या उताऱ्यांत विहिरीची नोंद सांपडते. पाण्याच्या गुणाला मात्र त्यांत रकाना नाहीं.

पाण्याच्या स्वच्छ दिसण्यावर व गोडीवर विश्वास ठेवण्याचा परिणाम काय होतो, याचें प्रसिद्ध उदाहरण लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचें आहे. सन १८५४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत त्या भागांत पटकीनें सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. डॉ. जॉन स्नो यांनीं मृतांचीं घरें नकाशावर मांडून संशय त्या पंपावर आणला. त्या पाण्याची गोडी एवढी कीं, दूर हॅम्पस्टेडला राहावयास गेलेली एक विधवा बाई तेंच पाणी मुद्दाम मागवून पीत असे. तीही त्याच सांथींत गेली. पुढील वर्षीं खणून पाहिलें तेव्हां शेजारच्या घराचा मैल्याचा खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्याही आंत निघाला व त्याचें विटांचें बांधकाम ढांसळलेलें होतें. एका आजारी तान्ह्या मुलाच्या लंगोटांचें धुणें त्या खड्ड्यांत टाकलें जात असे.

येथवर हवा असलेल्या जमिनीचा विचार झाला. हवा संपली म्हणजे जंतू स्वस्थ बसतात असें नव्हे. प्राणवायु सरला कीं त्यांतले कांहीं जंतू नायट्रेटांतील प्राणवायूवर निर्वाह करितात आणि नत्र वायुरूपानें हवेंत सोडून देतात. पाणी तुंबलेल्या काळ्या रानांत पीक पिवळें पडतें, त्याचें एक कारण हेंच. शेताचें त्यांत नुकसान, पण विहिरीचा फायदा. ओढ्याकांठची गवताळ, दलदलीची पट्टी नायट्रेट अडविते ती अशीच. नायट्रेटही संपलें म्हणजे जंतू पुढें मँगनीज व लोखंडाच्या गंजाकडे वळतात.

या शेवटच्या पायरीनें बंगालवर केवढा अनर्थ ओढवला तो सांगण्यासारखा आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळांत लोहाच्या गंजाला चिकटून थोडा सोमल असतो. इंग्रजींत यास आर्सेनिक म्हणतात. गाळांत गाडलेल्या पालापाचोळ्यावर जगणारे जंतू हवेअभावीं तो गंज विरघळवितात, आणि त्याला चिकटलेला सोमल पाण्यांत मोकळा होतो. तळ्यांच्या पाण्यानें पटकी व हगवण होते म्हणून १९७० च्या सुमारापासून तेथें लक्षावधि नळविहिरी घालण्यांत आल्या. रोगजंतूंपासून सुटका झाली, पण विषाची परीक्षा कोणी केली नव्हती. पश्चिम बंगालमधील रोगी सन १९८३ मध्यें ओळखले गेले, बांगलादेशांतील पाण्यांत सोमल असल्याचें सन १९९३ मध्यें ठरलें, आणि सन २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेनें त्या देशांतील साडेतीन ते पावणेआठ कोटि लोक धोक्यांत असल्याचा अंदाज दिला. हें विष कोणी कारखानदारानें टाकलें नव्हतें. आपला कातळ त्या गाळासारखा नाहीं, तेव्हां तीच भीति येथें जशीच्या तशी लावूं नये. परंतु एका दोषाची परीक्षा केली म्हणजे पाण्याची परीक्षा झाली, असें मात्र समजूं नये.

आतां करण्याजोग्या गोष्टी. विहिरीचा कठडा व भोंवतालचा ओटा फरसबंद करून निचरा बाहेर काढावा. कूपनलिका असल्यास केसिंग नुसतें मातींत उभें न ठेवतां त्याच्या भोंवतालची पोकळी सिमेंटानें बुजवावी, नाहींतर वरचें घाण पाणी नळीच्या बाहेरूनच थेट खालीं उतरतें. गोठा व उकिरडा उताराच्या खालच्या अंगास न्यावे. गुरांचें मूत पाचटांत, काडींत किंवा कोरड्या मातींत जिरवून खताच्या खड्ड्यांत टाकल्यास काडीवर वाढणारे जंतू तें नत्र आपल्या शरीरांत अडकवून ठेवतात. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड यांनीं कंपोस्ट खताची जी पद्धति बसविली व सन १९३१ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, तिचेंही एक मर्म हेंच. युरिया एकदम न देतां दोन-तीन हप्त्यांनीं द्यावा आणि आभाळ भरून आलें असतां मुळींच देऊं नये.

ज्याच्या विहिरींत नायट्रेट आधींच वाढलें आहे त्यानें तें पाणी पिण्यास न वापरतां पिकास अवश्य द्यावें, पण खताच्या हिशेबांत धरून द्यावें. मर्यादेच्या दुप्पट नायट्रेट असलेल्या पाण्याची तीन इंचांची एक पाळी एकरीं सुमारें सहा किलो नत्र देते. पांच पाळ्यांत तीस किलो, म्हणजे जवळजवळ दीड पोतें युरिया. हा पैसा मुळांत आपलाच होता. तो दुसऱ्यांदा दुकानांत कां मोजावा?

रोगजंतूंकरितां ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतींत टीसीएल म्हणतात, हजार लिटरांस अडीच ग्रॅम या प्रमाणानें टाकावी. चार मीटर व्यासाच्या विहिरींत तीन मीटर पाणी असेल तर तें सुमारें ३७,७०० लिटर होतें व त्यास साधारण ९५ ग्रॅम ताजी पावडर लागते. ती बादलींत कालवून, गाळ खालीं बसूं देऊन वरचें पांढरें पाणी पोहऱ्यानें विहिरींत खोलवर हलवावें व निदान तासभर पाणी काढूं नये. पिशवी उघडी राहून वास गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना.

पाण्याचा नमुना वर्षांतून दोनदां तपासावा. एकदां वैशाखांत आणि एकदां भाद्रपदांत पातळी वर आली असतां. नायट्रेटकरितां स्वच्छ बाटली त्याच पाण्यानें दोन-तीनदां विसळून भरली तरी चालते. जंतूंच्या तपासणीस मात्र प्रयोगशाळेनें दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी, ती विसळूं नये, तोंडाला बोट लावूं नये, आणि बर्फांत ठेवून चोवीस तासांच्या आंत पोंचती करावी. पावडर टाकल्यावर लगेच नमुना घेऊं नये. बाटलीवर तारीख, पाण्याची त्या दिवशींची खोली व आधींच्या आठवड्यांत पाऊस झाला होता कीं नाहीं हें लिहून ठेवावें, म्हणजे पुढील वर्षाच्या अहवालाशीं ताडून पाहतां येतें.